स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्यांदाच सुरू झाल्यात? मग आधी हे वाचा

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला चौदा वर्षं झाली, आणि चिठ्ठीवर वायसोलोन किंवा मेड्रॉल दिसलं की समोर साधारण दोन जातीची गिऱ्हाईकं असतात. एक जण आवाज खाली आणून विचारतो, "दादा, हे स्टिरॉइडच ना?" आणि घरी जाऊन अर्धीच गोळी घेतो, नाहीतर आठ दिवसांत स्वतःच बंद करून टाकतो. दुसऱ्याला तिसऱ्या दिवसापासून इतकं भारी वाटायला लागतं, गुडघे मोकळे, दम गायब, भूक सडकून, की महिन्याने तो चिठ्ठीशिवायच येतो आणि म्हणतो, "तीच द्या हो, ती बारकी गोळी." काउंटरवर गर्दीत दोघांनाही नीट समजावता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

डोस किती आणि किती दिवस हे तुमचे डॉक्टर ठरवणार, त्यात मी पडत नाही. पण एक सांगतो, या गोळीचे काही त्रास होणारच असतात, चेहरा सुजतो, शुगर चढते, ते धरून चालायचं. जे खरंच ॲडमिट करायची वेळ आणतात त्यातले माझ्या डोळ्यांसमोरचे बरेचसे प्रकार मात्र अचानक गोळी थांबवल्यामुळे नाहीतर जोडीला भलतंच औषध घेतल्यामुळे झालेत. आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

(जिममधली पोरं घेतात ते स्टिरॉइड वेगळं, ते ॲनाबॉलिक. याने दंड भरत नाहीत, उलट स्नायू उतरतात.)

पहिलं काम: पट्टीवरचा एमजी वाचा

नाव तर वाचाच, पण नावापेक्षा आकडा महत्त्वाचा. प्रेडनिसोलोन, म्हणजे वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल वगैरे, ५, १०, २०, ४० अशा वेगवेगळ्या ताकदीत येते आणि पट्ट्या दिसायला सख्ख्या बहिणी. त्यात आम्ही दुकानदार कात्रीने पट्टी कापून सहा गोळ्या देतो आणि नाव, एमजी, एक्सपायरी सगळं उरलेल्या तुकड्यावर राहतं. तेव्हा सरळ सांगा, छापलेल्या बाजूचा तुकडा द्या, किंवा पूर्ण पट्टीचा फोटो काढून ठेवा. कोणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

दुसरी गंमत म्हणजे स्टिरॉइडमध्ये एमजीला एमजी बरोबर नसतो. प्रेडनिसोलोन ५ म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे मेड्रॉल, ४. तेच डेफ्लाझाकॉर्टचे साधारण ६ आणि डेक्सामेथासोनचे फक्त पाऊण एमजी. आमच्याकडचे एक काका मेड्रॉल १६ वर होते, लग्नासाठी गावाला गेले, तिथे ती मिळाली नाही, तर तिथल्या दुकानदाराने "तेच आहे हो" म्हणत प्रेडनिसोलोन १० दिली. तेच आहे हे खरं, पण १६ च्या जागी २० हवी होती, म्हणजे काकांचा डोस एका दिवसात निम्मा झाला. पाचव्या दिवशी बोटं अशी सुजली की सदऱ्याचं बटण लावायला नातवाला बोलवावं लागलं. ब्रँड बदलला तर चालतो, औषधाचं मूळ नाव बदलत असेल तर मात्र डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं काम: वेळ सकाळची, पोटात काहीतरी असताना

आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल म्हणतात त्यांना, त्या रोज कॉर्टिसोल नावाचं हार्मोन तयार करतात आणि ते सकाळी सगळ्यात जास्त असतं, रात्री एकदम कमी. गोळी म्हणजे त्याच कॉर्टिसोलची भावकी. म्हणून दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर ती सकाळी नाश्त्यानंतर, आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे शरीराच्या घड्याळाशी जुळतं. संध्याकाळी घेतली की रात्रभर छताकडे बघत बसाल. एक मावशी रात्री जेवणानंतर घ्यायच्या, पहाटे तीनला उठून अख्ख्या मांडणीवरचे डबे उतरवून घासत बसायच्या, घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. वेळ सकाळची केली, डबे जागेवर राहिले. चिठ्ठीवर दोनदा घ्या असं लिहिलं असेल तर दुसरा डोस दुपारी चालेल का हे विचारून घ्या.

एखाद्या दिवशी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचीच घ्या, डबल नाही.

तिसरं काम: पहिल्या पंधरा दिवसांत स्वतःवर लक्ष

भूक. ही सगळ्यात आधी येते आणि खोटी असते. जेवण होऊन तासभर झालेला नसतो तर हात फरसाणाच्या डब्यात. मी गिऱ्हाईकांना सांगतो की घरात भाजलेले चणे, काकडी, गाजर, ताक हे समोर दिसेल असं ठेवा आणि फरसाण, पापड, लोणचं वरच्या फळीवर. मीठ कमी का, तर स्टिरॉइड अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, त्याने पाय सुजतात, बीपी वाढतं. आठवड्यातून दोनदा एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा, तीन-चार दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे, डॉक्टरांना सांगा.

मूड. चिडचिड, रडू, नाहीतर उलट नको इतका उत्साह आणि बडबड. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे भांडणं कमी होतील. पण कोणाला भलतेसलते आवाज ऐकू यायला लागले, संशय यायला लागला, जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलायचं नाही. मोठ्या डोसवर असं होऊ शकतं आणि डोस कमी केला की बहुतेक वेळा निवळतं.

शुगर. इथे लोक हमखास फसतात. सकाळी उपाशीपोटी तपासतात, ११० येते, खूश होतात. पण सकाळी घेतलेली प्रेडनिसोलोन शुगर चढवते ती दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत, आणि पहाटेपर्यंत ती उतरलेली असते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. आधीच डायबेटिस असेल तर गोळ्या किंवा इन्सुलिन वाढवावं लागू शकतं, आणि मग स्टिरॉइड कमी होत जाईल तसं तेही कमी करावं लागतं, हा दुसरा भाग लोक विसरतात आणि शुगर एकदम खाली जाते. गुडघ्यात किंवा खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तरी काही दिवस शुगर वर राहते, फक्त गोळीनेच होतं असं नाही.

२०२१ च्या कोविडच्या लाटेत आपल्या महाराष्ट्रात ब्लॅक फंगस किती घरांत शिरला ते आठवत असेल. वाढलेली शुगर आणि गरजेपेक्षा जास्त, जास्त दिवस दिलेलं स्टिरॉइड, ही जोडी त्यात मोठी होती. गंमत बघा, २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीत ज्या डोसने जीव वाचले तो होता रोज ६ एमजी डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि तोही फक्त ऑक्सिजन लागलेल्यांना. आपल्याकडे मात्र ताप आला की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून लोक घरी बसून घेत होते. मी दिली नाही म्हणून दोन गिऱ्हाईकं कायमची तुटली, तुटू देत.

चौथं काम: हळूहळू येणारे त्रास, यासाठी आधीच तपासण्या

महिने-महिने घ्यायची असेल तर हे वाचा, पाच दिवसांच्या कोर्सवाल्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

हाडं ठिसूळ होतात, आणि सगळ्यात जास्त वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच, म्हणून कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिनचं "नंतर बघू" म्हणू नका, पहिल्या भेटीतच विचारा. नाचणी, तीळ, दूध-दही हे चालू ठेवाच, पण फक्त त्यावर भागत नाही. मांडीच्या सांध्यात, जांघेत दुखायला लागून चालताना लंगडावं लागत असेल तर सांगा, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते खराब होऊ शकतं आणि लवकर कळलं तर फरक पडतो. डोळ्यांत मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात, घरात कोणाला काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधीच जाऊन या. दंड-मांड्यांचे स्नायू उतरतात, याची घरगुती खूण म्हणजे जमिनीवरून किंवा पाटावरून उठताना हात टेकावा लागणं.

आणि टीबी. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो, रोज १५ एमजी किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर घेतली की तो जागा व्हायचा धोका वाढतो. लहानपणी टीबी झाला होता, घरात कोणाला होता, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. घरात कोणाला कांजण्या किंवा गोवर आला आणि तुम्हाला आधी झालेला नसेल तर लगेच फोन करा, अंगावर पुरळ यायची वाट बघू नका.

चेहरा चंद्रासारखा गोल होणं, मानेमागे चरबी, पुरळ, जरा लागलं की निळा डाग, पाळी मागेपुढे होणं हे सगळं होतं. चेहऱ्याचं सगळ्यात जास्त मनाला लागतं, विशेषतः लग्नाच्या वयातल्या पोरींना, आणि त्यामुळेच कितीतरी जणी गुपचूप गोळी सोडतात. डोस खाली आला की काही महिन्यांत चेहरा पूर्ववत होत जातो. गुपचूप सोडण्यापेक्षा डॉक्टरांसमोर रडा.

पाचवं काम, आणि हेच सगळ्यात मोठं: जोडीला काय चाललंय त्याची यादी

एक कागद घ्या. त्यावर तुमची रोजची औषधं, मलमं, इनहेलर, आयुर्वेदिक चूर्ण, काढा, शेजारच्या काकूंनी दिलेली पुडी, सगळं लिहा. मग त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरकडे, दाताच्यासुद्धा, तो दाखवा. वर मोठ्या अक्षरात लिहा: स्टिरॉइड चालू आहे, अमुक एमजी, अमुक तारखेपासून.

पेनकिलरपासून सुरू करू, कारण रोजची भानगड तीच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, ज्या गोळ्या लोक पाठ दुखली की चणे-फुटाण्यासारख्या मागतात, त्या स्टिरॉइडबरोबर घेतल्या की पोटात अल्सर होऊन रक्त जायचा धोका बराच वाढतो. हार्टसाठी ॲस्पिरिन चालू असेल तरी हाच प्रश्न, फक्त ती स्वतः बंद करायची नाही, विचारायचं. शौच डांबरासारखी काळी झाली तर थेट दवाखाना. साध्या दुखण्याला, तापाला पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण ताप आलाय हे कळवायचंच, कारण स्टिरॉइड ताप आणि सूज दाबून ठेवतं, आत इन्फेक्शन जोरात आणि थर्मामीटरवर मात्र ९९, असं होतं.

टीबीच्या औषधांतली रिफाम्पिसिन, जिने लघवी नारिंगी-लाल होते ती, लिव्हरला इतकं कामाला लावते की स्टिरॉइड भराभर मोडून बाहेर पडतं आणि गोळीचा असर बराच कमी होतो. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन याच माळेतल्या. आणि यांतली एखादी नंतर बंद झाली की उलटं होतं, तोच जुना डोस एकदम जास्त पडायला लागतो.

याच्या बरोबर उलट वागणारी टोळी म्हणजे इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एचआयव्हीच्या औषधांतली रिटोनाव्हिर. या स्टिरॉइडला अंगातून जाऊच देत नाहीत. यातली इट्राकोनाझोल आपल्याकडे गजकर्णासाठी महिना-महिना चालते, स्किनवाल्या डॉक्टरांना दम्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी कोणी दाखवत नाही, आणि मेड्रॉल चालू असेल किंवा नुसता बुडेसोनाइड-फ्लुटिकासोनचा पंप जरी असेल तरी अंगात स्टिरॉइड साठत जाऊन चेहरा सुजायला लागतो. प्रेडनिसोलोनवर हा परिणाम कमी होतो, पण सांगायचं तेव्हाही.

बीपीसाठी किंवा सूज उतरायला लघवीची गोळी चालू आहे, वर स्टिरॉइड, वर दम्यासाठी साल्ब्युटामॉलची वाफ, तिन्ही मिळून पोटॅशियम खाली ओढतात. पायात गोळे, अंग गळून जाणं, छातीत धडधड झाली तर रक्त तपासायला हवं. हार्टची डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तर याकडे काणाडोळा करूच नये. रक्त पातळ करायची वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) नेहमीपेक्षा लवकर तपासा, तो दोन्हीकडे हलू शकतो. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक स्टिरॉइडबरोबर चालू असताना टाचेमागच्या शिरेत (रक्ताची नस नाही, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी जाड दोरी) दुखलं तर चालायचं थांबवा आणि फोन करा, ती शीर तुटू शकते, साठीच्या पुढे जास्तच. लसींचं असं आहे की जिवंत जंतूंच्या लसी, गोवर-रुबेला, कांजण्या, यलो फीव्हर, मोठ्या डोसवर चालत नाहीत. फ्लू, न्यूमोनियाच्या चालतात, उलट घ्याव्यात. ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं पातळ औषध गोळीबरोबर लगेच नको, दोनेक तासांचं अंतर ठेवा.

आता स्वयंपाकघर. जेष्ठमध. घसा धरला की एखादी काडी चघळली तर आभाळ कोसळत नाही, पण रोज जेष्ठमधाचा काढा घेतला तर त्यातला गोडवा देणारा घटक कॉर्टिसोलला मोडू देत नाही, प्रेडनिसोलोनचाही जोर वाढवतो, बीपी वर, पोटॅशियम खाली. "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे वाक्य मी दिवसातून पाच वेळा ऐकतो. बरं, सांधेदुखीच्या आणि दम्याच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये चक्क स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं झालेली आहेत, म्हणजे तुम्ही आधीच स्टिरॉइडवर असता आणि तुम्हाला पत्ताच नसतो. दोन दिवसांत चमत्कार करणारी पुडी दिसली की मला पहिला संशय हाच येतो. पोरींना "वजन वाढायच्या" म्हणून ज्या सुट्या गोळ्या दिल्या जातात त्यातही डेक्सामेथासोन असतं कधीकधी.

चमत्कारावरून आठवलं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं, आठवड्याभरात ती चालत बाजारात खरेदीला गेली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइकश्टाइन यांना नोबेल मिळालं. आणि त्याच काळात पेशंटचे चेहरे सुजायला लागलेले, औषध थांबवलं की दुखणं परत, हेही सगळं समोर आलं. म्हणजे आज काउंटरवर मी जे बघतो ते काही नवीन नाही.

सहावं काम: थांबवण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या

बाहेरून गोळी मिळायला लागली की त्या दोन ग्रंथी म्हणतात, आता आमची काय गरज, आणि काम बंद करतात. साधारण तीन आठवड्यांच्या वर गोळी चालली की हे होतं असं धरून चालायचं. अशा वेळी एकदम थांबवलं तर अंगात कॉर्टिसोल शून्याकडे जातं: प्रचंड थकवा, मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, उभं राहिलं की चक्कर, बीपी आणि शुगर खाली. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून डोस पायरी-पायरीने उतरवतात, वरच्या पायऱ्या भराभर आणि ५ एमजीच्या आसपासच्या अगदी हळू, कारण शरीर स्वतः दिवसाला साधारण तेवढंच बनवतं. उतरवताना अंग दुखतं, मरगळ येते, काही जणांना मूळ आजार परत आल्यासारखं वाटतं. तेव्हा मनाने वाढवू नका, मनाने कमी पण करू नका.

मी काय करतो, कॅलेंडरच्या पानावर प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाची गोळी पेनाने लिहून देतो. १ ते ७ दोन गोळ्या, ८ ते १४ दीड, असं. आजीला वाचता येत नसेल तर तेवढे गोल काढायचे, अर्धीला अर्धा गोल. गोळ्या संपायच्या तीन दिवस आधीच्या तारखेला लाल फुली, म्हणजे नवीन पट्टी आणा. कारण रविवारी दुकान बंद, सोमवारी गाव बंद, असं करत गोळी चुकते.

सातवं काम: आजारपण आणि ऑपरेशन

बरेच महिने गोळीवर असाल, किंवा नुकतीच बंद झाली असेल, तरी ताप, जुलाब, अपघात, ऑपरेशन यात अंगाला जास्तीचं कॉर्टिसोल लागतं आणि ग्रंथी अजून आळसावलेल्या असतात. तापात डोस किती वाढवायचा हे बरे असतानाच डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकतच नसेल तर घरी बसायचं नाही, तिथे इंजेक्शनच लागतं, आणि कॅज्युअल्टीत पाय ठेवल्या ठेवल्या पहिलं वाक्य: पेशंट स्टिरॉइडवर आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना पण हेच.

पंप आणि मलम, थोडक्यात. दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट फुप्फुसात जातं, त्याला घाबरून पंप सोडणारा माणूस शेवटी गोळ्यांवर येतो. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध ओढायची प्लास्टिकची नळी, लावा, नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरा बुरा येतो. मलमाचं मात्र उलट, लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. गजकर्णावर स्टिरॉइडवालं मिक्स मलम चोळलं की खाज थांबते आणि बुरशी आत पसरत जाते, चेहऱ्यावर गोरं व्हायला लावलं की कातडी पातळ, लाल, उन्हात जळजळ. २०१८ मध्ये यातली बरीच मलमं चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत गेली, तरी "ती ट्यूब द्या" म्हणणारे अजून येतातच.

कोर्स संपल्यावर उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका, वहिनींच्या गुडघ्यासाठी तर अजिबात नाही. कागदावर मात्र शेवटच्या गोळीची तारीख लिहा आणि तो कागद पुढचं वर्षभर पाकिटात राहू द्या.